वाट अडवणाऱ्या ताई

फुटपाथवर लावलेली गाडी दिसली की ताई तिच्यापाशी थांबायच्या. डाव्या काखेतली कुबडी काढून गाडीच्या सीटवर आडवी ठेवायच्या, उजवीवर भार टाकायच्या आणि मालकाची वाट बघत उभ्या राहायच्या. आरडाओरडा नाही, चाकातली हवा सोडणं नाही. मालक किल्ली फिरवत दुकानातून बाहेर आला की अगदी पाहुण्याचं स्वागत करावं तशा म्हणायच्या, "या. आपलीच वाट पाहत होते. आता मी पलीकडे कशी जाऊ तेवढं दाखवा." कुणी ओशाळून गाडी काढायचा. कुणी म्हणायचा, "अहो, दोन मिनिटांसाठी लावली होती." त्यावर ताई म्हणायच्या, "आपली दोन असतील. माझी कधीच संपली." एक जण एकदा म्हणाला, "बाजूने खाली उतरून जायचं ना, रस्ता काय लहान आहे?" ताईंनी कुबडी उचलून काखेत घेतली आणि म्हणाल्या, "म्हणजे आपण गाडी वर चालवायची आणि मी पाय खाली चालवायचे. ठरलं कधी हे? मला निरोप आला नाही."

त्यांना चांगलं चार अक्षरी नाव होतं, पण नारायण पेठेत त्या बूथवाल्या ताईच. लहानपणी पोलिओने दोन्ही पाय गेले होते. पायांना आधाराचे लोखंडी कॅलिपर, काखेत कुबड्या आणि अंगावर कायम कडक इस्त्रीची सुती साडी. अपंगांसाठीच्या योजनेत त्यांना एसटीडी बूथ मिळाला होता. फुटपाथवर पत्र्याची टपरी, तिच्यात काचेचा एक उभा खोका आणि वर पिवळी पाटी. खोक्यात फोनच्या वर त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहून लावलं होतं, 'ओरडल्याने अंतर कमी होत नाही. हळू बोलावे.'

गिऱ्हाइकांची नावं त्यांनी कधी लक्षात ठेवली नाहीत. जो ज्या गावाला फोन लावायचा, ते त्याचं नाव. रांगेतून हाक यायची, "लातूर, तुमचा नंबर लागला. बेळगाव, जरा सरकून उभे राहा, मागे इचलकरंजी आहे." मी 'नागपूर' झाले. संगणकाचा अभ्यासक्रम करायला पुण्यात आले होते. तेव्हा सॉफ्टवेअर हा शब्द नुकताच घराघरात शिरला होता. माझ्या बाबांना त्याचा नीट उच्चार येत नव्हता, पण मुलीने त्यातच जायचं हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. रविवारी मी फोन लावायची, "जयभीम बाबा" म्हणायची आणि मग बराच वेळ सगळं छान चाललंय असं सांगत राहायची.

छान काही चाललं नव्हतं. एका मैत्रिणीच्या ओळखीवर मी कुणाच्या तरी हॉलमध्ये झोपत होते आणि खोली शोधत होते. शनिवार पेठेत एक खोली पसंत पडली होती. बाईंनी नळ दाखवला, कपडे वाळत घालायची दोरी दाखवली, सगळं जमत आलं आणि मग आडनाव विचारलं. ते सांगितल्यावर त्या आत गेल्या आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "अगं बाई, विसरलेच. खोली कालच गेली." त्या आठवड्यात ही तिसरी खोली 'कालच' गेली होती.

मी बूथवर आले, पण फोन लावला नाही. ताईंनी वर बघितलं. "नागपूर, काय झालं?" मी सांगितलं. ताईंनी मला जवळ घेतलं नाही, पाठीवर हात फिरवला नाही. म्हणाल्या, "रडायचं असेल तर आत काचेत जाऊन रड. बाहेर लोकांना फुकटची करमणूक नको. आणि जाण्याआधी त्या बाईंचा नंबर दे."

मी आत गेले नाही. ताईंनी नंबर फिरवला. आवाज एकदम मधाळ केला. "नमस्कार. आपल्याकडे खोली आहे असं कळलं... आहे? रिकामीच आहे ना? वा. मग मघाशी आलेल्या मुलीला कालच गेली म्हणालात, ती कुठली?" पलीकडून काहीतरी सारवासारव झाली. "नाही, नाही, गैरसमज काही नाही. मला फक्त एवढंच विचारायचं होतं की आपण खोटं बोललात ते तिच्या आडनावाला घाबरून की शेजाऱ्यांना घाबरून?" पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज मलाही ऐकू आला. ताईंनी रिसीव्हर जागेवर ठेवला. "खोली मिळायची नाही. पण आज रात्री त्यांना झोपही लागायची नाही." मग आपल्या एका वर्गमैत्रिणीच्या घरी ताईंनी मला स्वतः नेलं. जिना अरुंद होता, त्या खालीच थांबल्या आणि खालून हाक मारून मैत्रिणीला म्हणाल्या, "ही नागपूर. आडनाव हवं असेल तर आत्ताच विचार, नंतर आठवायचं नाही." मैत्रीण वरून म्हणाली, "आधी तिला चहा विचारू दे ना." तिथे मी चार वर्षं राहिले.

नोकरी लागली, मोबाइल आले आणि बघता बघता बूथसमोरची रांग संपली. पेठेतले बाकीचे बूथवाले हळहळत होते. ताईंनी काचेचा खोका काढून टाकला आणि त्या जागी संगणक बसवला. माझ्या कंपनीने मोडीत काढलेल्यांपैकी एक मीच त्यांना आणून दिला होता. टायपिंग त्यांना येतच होतं. बाकीचं त्या चुका करत, मला फोन करून माझ्यावरच डाफरत शिकल्या. कॉलेजचे प्रवेश, रेल्वेची तिकिटं, पेन्शनची कागदपत्रं, सगळं ऑनलाइन होत चाललं होतं आणि ज्यांना ते जमत नव्हतं ते ताईंकडे येत होते. मी एकदा म्हटलं, "ताई, धंदा बदललात तुम्ही." त्या म्हणाल्या, "धंदा तोच. पूर्वी लोकांना गाव लांब पडायचं, आता सरकार लांब पडतं. मी आपली जोडून देते."

रस्त्याचं प्रकरण त्यानंतरचं. एव्हाना स्मार्टफोन आले होते आणि शहर सुधारण्याची भाषा सगळीकडे चालली होती. आमचा तो रस्ता नव्याने करायचा असं पालिकेने ठरवलं. फुटपाथ रुंद होणार, झाडं लागणार, बाकडी येणार. आराखडा संकेतस्थळावर टाकला होता आणि नागरिकांनी सूचना कराव्यात असं आवाहन होतं. ताईंनी टपरीतल्या संगणकावर तो उघडला आणि मला बोलावून घेतलं. पडद्यावर एक सुरेख रंगीत चित्र होतं. हिरवी झाडं, सायकली, फुगे घेतलेली मुलं.

"नीट बघ," ताई म्हणाल्या. "यात एक तरी म्हातारा दिसतो का? पुण्याचं चित्र आणि म्हातारा नाही! काठी नाही, कुबडी नाही, भाजीची पाटी नाही. ही माणसं राहतात कुठे?" मग त्यांनी सूचनांचं पान उघडलं. ते पूर्ण इंग्रजीत होतं. "आणि हा लोकसहभाग. लोक मराठीत, सहभाग इंग्रजीत."

मी तेव्हा खराडीत एका कंपनीत होते. परदेशातल्या शहरांसाठी आम्ही मोबाइलवरचे नकाशे करायचो. बस कुठे पोहोचली, कुठल्या स्टेशनातली लिफ्ट बंद आहे, ते तिथल्या माणसाला हातातल्या फोनवर दिसायचं. हे मी ताईंना मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं. त्या दिवशी त्यांनी ते बाहेर काढलं. "तिकडच्या माणसाला लिफ्ट बंद आहे हे कळावं म्हणून तू इथे बसून डोळे फोडतेस. चांगलंच आहे. पण इथे पेठेत आपल्या परभणीला बसस्टॉपपर्यंत धड जाता येत नाही, त्याचं काय करतेस?"

परभणी म्हणजे विनोद. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायला आलेला, जन्मापासून अंध. ताईंकडे तो अर्ज भरायला यायचा आणि तासभर वाद घालून जायचा. दुसरं कायमचं माणूस म्हणजे कमळाबाई. त्या वाघोलीच्या पलीकडच्या गावातून पहाटेच्या बसने यायच्या आणि टपरीशेजारच्या भिंतीला टेकून पालेभाजी विकायच्या. आम्हा चौघांनी मिळून रस्त्यातल्या अडथळ्यांचा नकाशा सुरू केला. मी दोन-तीन रविवार बसून एक साधी सोय तयार केली. फोनवर फोटो काढायचा, बटण दाबून मराठीत बोलायचं. फोटो आणि आवाज दोन्ही नकाशावर त्या जागी लाल ठिपका होऊन बसायचे. लिहायला येत नसलं तरी चालेल, दिसत नसलं तरी चालेल. ठिपक्यावर बोट ठेवलं की त्या माणसाचाच आवाज ऐकू यायचा. पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकून कमळाबाई पदर तोंडाला लावून हसल्या. "अगं बया, मीच हाय की ही!"

एका रविवारी सकाळी आम्ही सगळे रस्त्यावर निघालो. ताईंनी पेठेत ज्याला त्याला सांगून ठेवलं होतं, त्यामुळे वॉकर घेतलेले आजोबा आले, बाबागाडी घेऊन एक तरुण आई आली, शाळेची मुलं आली. प्रत्येकाने आपल्याला जे अडवतं ते स्वतः टिपायचं, दुसऱ्याच्या वतीने बोलायचं नाही, हा ताईंचा नियम. तो त्यांनी फार कडकपणे पाळून घेतला. मी आजोबांच्या वतीने काही बोलायला गेले तर म्हणाल्या, "त्यांना तोंड आहे. तू फक्त फोन धर." मिठाईच्या मोठ्या दुकानाने फुटपाथवर बांधलेल्या संगमरवरी पायऱ्या, विजेचा डबा, उघडं गटार, जाहिरातीचा खांब, सगळ्यांवर ठिपके बसत गेले. त्या दुकानाच्या मालकांची उठबस मोठ्या लोकांत होती, म्हणून त्या पायऱ्यांबद्दल आजवर कुणी बोललं नव्हतं. आजोबा बोलले. कापऱ्या आवाजात म्हणाले, "इथे मी दोनदा पडलो. दुसऱ्यांदा दुकानातून पाणी आणून दिलं. पायरी काढली नाही."

विनोद काठी टेकत आमच्या पुढे होता. टपरीपाशी आला, काठी पत्र्यावर आपटली, त्याने हाताने कडा चाचपली आणि फोन तोंडाजवळ नेला. "इथे एक टपरी आहे. फुटपाथ जवळजवळ सगळा अडलेला आहे. पुढे जायला मला खाली रस्त्यावर उतरावं लागतं. मागच्या महिन्यात रिक्षा कोपराला घासून गेली."

ती टपरी कुणाची हे त्याला पक्कं माहीत होतं. ताई त्याच्या मागेच उभ्या होत्या. बाबागाडीवाली दुसरीकडे बघू लागली. शेवटी कमळाबाई माझ्या कानाशी आल्या. "पुसून टाक की गं तेवढं. कोन बघतंय?"

"पुसायचं नाही," ताई म्हणाल्या. त्यांचा चेहरा पडला होता, पण आवाज पडला नव्हता. "परभणी, रिक्षा घासल्याचं मला का सांगितलं नाहीस?"

विनोद म्हणाला, "तुम्ही विचारलं नाहीत, ताई. आणि तुम्हाला काय सांगणार? तुमचं पोट आहे ते."

"पोट माझं, कोपर तुझं," ताई म्हणाल्या. "चला, पुढचा ठिपका."

पंधरवड्यात तो नकाशा पेठेतल्या फोनाफोनांतून फिरला. लोक आपापल्या गल्लीतले ठिपके टाकू लागले. रस्त्याचं काम पाहणारा तरुण अभियंता मनापासून काम करणारा होता. तो टपरीवर आला, स्टुलावर बसून त्याने एकेक आवाज ऐकला आणि म्हणाला, "कागदावरच्या सूचना मी शेकड्याने वाचल्यात. असं कधी ऐकलं नव्हतं." ताईंनी त्यालाही सोडलं नाही. "ऐकलंत ना? आता ऐकून घेतल्याचं समाधान घेऊन घरी जाऊ नका."

त्याच आठवड्यात दुसरा एक पाहुणा आला. पांढरा सदरा, हातात दोन फोन. इथल्या नगरसेवकांचा कार्यकर्ता म्हणून सगळे त्याला ओळखत. मी तेव्हा तिथेच होते. तो फार आदराने बोलला. "ताई, आपण पेठेची शान आहात. आपली टपरी हलणार नाही, साहेबांनी शब्द दिलाय. अपंग भगिनीच्या पोटावर पाय देणारी माणसं आम्ही नाही. फक्त नकाशावर तो पायऱ्यांचा फोटो आहे ना, तो जरा काढून टाका. दुकान जुनं आहे, माणसं आपलीच आहेत."

ताई म्हणाल्या, "म्हणजे मी पायऱ्या पाहायच्या नाहीत आणि तुम्ही टपरी पाहायची नाही."

"तसंच समजा."

"आणि परभणी दोन्हीकडे आपटत राहणार."

"कोण परभणी?" तो गोंधळला.

"तेच तर," ताई म्हणाल्या. "आपण निघा आता. आणि जाताना फुटपाथवर लावलेली ती गाडी आपलीच असेल, ती पण न्या."

तो गेल्यावर मात्र त्यांनी टपरीवरचा विनोदचा ठिपका पुन्हा उघडून ऐकला. त्यांचे मोठे भाऊ निवृत्त झाले होते आणि वाघोलीला नवीन फ्लॅटमध्ये राहायला गेले होते. ताईंनीही तिकडेच यावं असा त्यांचा आग्रह होता. त्या संध्याकाळी त्यांना सगळं कळलं आणि फोनवर ते इतके ओरडले की मला शेजारी बसून ऐकू येत होतं. "जग सुधारायचा मक्ता तूच घेतलायस का? टपरी गेली तर खाणार काय?" ताई एवढंच म्हणाल्या, "दादा, हळू बोल. भीती मलाही वाटते. ओरडून ती कमी होत नाही." फोन ठेवला आणि मला म्हणाल्या, "तू ऐकलंस ते कुणाला सांगू नकोस. भीती वाटते हे."

क्षेत्रीय कार्यालयात आराखड्यावर बैठक भरली तेव्हा खोली गच्च भरली होती. समोर पालिकेचे अधिकारी होते, मिठाईवाले शेठ आले होते, कार्यकर्ता आला होता, पेठेतले बरेच लोक होते. शेठजी उठले आणि सरळ ताईंकडे बोट करून म्हणाले, "आमच्या पायऱ्यांवर बोलणाऱ्यांनी आधी स्वतःची टपरी बघावी. नकाशात तीही आहे." लोकांत हशा पिकला. त्यांना वाटलं, बाई आता अडकल्या.

ताई उठल्या. उठायला त्यांना वेळ लागायचा. कॅलिपरचे खटके लावायचे, कुबड्या घ्यायच्या. तेवढ्यात हशा आपोआप विरला. "शेठजी बरोबर बोलले," त्या म्हणाल्या. "माझी टपरी वाटेत आहे. योजनेने मला ती जागा दिली, मी घेतली. वाट कुणाची अडते हे तेव्हा योजनेनेही पाहिलं नाही आणि मीही नाही. तेव्हा सुरुवात माझ्यापासून करा. तुमचा ट्रक यायची गरज नाही, माझी टपरी मीच काढते. पण साहेब, माझ्यापाशी सुरुवात करायची आणि माझ्यापाशीच थांबायचं, असं चालायचं नाही."

त्या शनिवारी त्यांनी ती काढली. पेठेतला एक फॅब्रिकेटर आला आणि बोल्ट सोडू लागला. काढायच्या आधी ताई आत जाऊन बसल्या. जुना लाल फोन तोवर जागेवर होता, त्याचं कनेक्शन अजून तोडलेलं नव्हतं. मला म्हणाल्या, "नागपूर, तुझ्या मोबाइलवरून इथे लाव. वाजू दे जरा." मी लावला. फोन वाजत राहिला आणि त्या ऐकत राहिल्या. उचलला नाही. मग स्वतःच वायर ओढून काढली आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "चला, उचला."

त्यानंतर पालिकेची अतिक्रमणं उचलणारी गाडी आली. मिठाईच्या दुकानापाशी तिचा वेगही कमी झाला नाही. ती थांबली भिंतीपाशी आणि माणसांनी कमळाबाईंच्या पाट्या उचलून आत टाकल्या. मेथी, चाकवत सगळं रस्त्यावर सांडलं. कमळाबाई गाडीच्या फळीला धरून ओरडत होत्या, "अवो, मी कुनाच्या वाटंत हाय? सांगा की!" मी ताईंना फोन केला. ताई आपल्या तीनचाकी स्कूटरवरून आल्या आणि ती त्यांनी ट्रकच्या तोंडाशी आडवी लावली. इंजिन बंद केलं. किल्ली काढून ब्लाउजमध्ये टाकली.

चालक हॉर्न वाजवत राहिला. मागे गाड्यांची रांग लागली. वाहतूक पोलीस आला आणि म्हणाला, "बाई, रस्ता अडवता येत नाही." ताई म्हणाल्या, "हे मी पेठेला कितीतरी वर्षं सांगत आले. आज कुणीतरी मला सांगितलं, बरं वाटलं." मग त्यांनी गाडीवरच्या मुकादमाला जवळ बोलावलं आणि फोनवरचा नकाशा दाखवला. "हा रस्ता. ही दुकानाची पायरी, हिच्यावर किती लाल आहे बघा. ही भिंत, कमळाबाई इथे बसतात. आहे एक तरी ठिपका? आम्ही सगळे इथून चाललोय. अंधाला त्या लागल्या नाहीत, लंगडीला लागल्या नाहीत, तुम्हाला गाडीत बसून लागल्या? तुम्ही अडथळा बघून आलात की माणूस बघून?"

तोवर आजोबा वॉकर घेऊन आले आणि स्कूटरशेजारी उभे राहिले. विनोद आला. बाबागाडीवाली आली. कुणी घोषणा दिली नाही. नुसते उभे राहिले. अभियंता धावत आला, त्याने वर फोन लावले, घाम पुसला, पुन्हा फोन लावले. शेवटी पाट्या खाली उतरल्या. जाताना एक मजूर सांडलेली मेथी गोळा करून कमळाबाईंच्या पाटीत टाकून गेला.

पायऱ्या लगेच नाही गेल्या. पण नकाशावरचे आवाज एव्हाना फार लोकांच्या कानावर गेले होते आणि आजोबांचं ते 'पायरी काढली नाही' पेठेत जो तो म्हणून दाखवत होता. एका सकाळी शेठजींनीच माणसं लावून संगमरवर फोडला. फुटपाथ सलग झाला. कडेला भाजीवाल्यांसाठी आखलेली जागा आराखड्यात आली. विनोद तिथून काठी न आपटता चालला आणि परत फिरून पुन्हा चालला. नकाशावर आता शहरभरातले लोक ठिपके टाकू लागले.

एका वार्ताहराने ताईंवर छान लेख लिहिला, 'अपंगत्वावर मात करणारी जिद्द' वगैरे. ताईंनी त्याला फोन केला. "आपण माझी जिद्द छापलीत. पायऱ्या कुणी बांधू दिल्या ते छापलं नाहीत. मला मात करायची होती ती पायऱ्यांवर. पायांशी माझं भांडण नाही."

त्यांना स्वतःला मात्र काही मिळालं नाही. पर्यायी जागेसाठी त्या कार्यालयात गेल्या तेव्हा सांगण्यात आलं की टेलिफोन बूथची योजनाच आता अस्तित्वात नाही, त्यामुळे त्या योजनेतलं पुनर्वसनही अस्तित्वात नाही. अभियंत्याने बरीच खटपट केली, पण तोवर त्याची बदली झाली. ताई वाघोलीला भावाकडे गेल्या. मला फार वाईट वाटलं होतं. त्या तिकडे गेल्यावर महिन्याभराने मी भेटायला गेले तर त्या इमारतीच्या फाटकाशी स्कूटरवर बसल्या होत्या. समोर नगर रस्ता, डंपर, धूळ आणि फुटपाथ नावाचा काही प्रकारच नाही.

"ताई, इथे कसं करमतं तुम्हाला?"

"फार बरं आहे," त्या म्हणाल्या. "पेठेत आधी अडथळे काढावे लागायचे, मग फुटपाथ मिळायचा. इथे काढायला काहीच नाही. सरळ मागायचं." आणि त्यांनी आसपासच्या सोसायट्या, जवळच्या कॉलेजातली मुलं, कामगारांच्या खोल्या असं सगळं पालथं घालायला सुरुवात केली. तिथे त्यांना प्राची भेटली. यवतमाळकडची, इंजिनिअरिंगला असलेली, चाकाच्या खुर्चीवरची मुलगी. कॉलेजच्या दारापर्यंत रिक्षा आणि दारातून खुर्ची, एवढंच पुणे तिने पाहिलं होतं. ताई तिला स्कूटरमागून खुर्ची ढकलायला दोघांना लावून भर रस्त्याने बाजारात घेऊन गेल्या. प्राची मला म्हणाली, "लोक आमच्यावर इतके ओरडले! मला एवढी मजा कधीच आली नव्हती."

ताई गेल्या त्या न्यूमोनियाने, अगदी थोड्या दिवसांत. मी कामासाठी बाहेरगावी होते, पोहोचेपर्यंत सगळं झालं होतं. त्यांच्याशी शेवटचं बोलणं झालं ते फोनवर आणि तेही भांडणाचंच. नकाशाच्या नव्या रूपात मी ठिपक्यांचा रंग बदलला होता, तो त्यांना पसंत नव्हता.

पेठेतल्या नागरिक मंचाने शोकसभा ठेवली. माणसं चांगली, हेतू चांगला. हॉल पहिल्या मजल्यावर होता. मी पोहोचले तेव्हा जिन्याखाली प्राची आणि तिच्याबरोबर खुर्चीवरची आणखी दोन माणसं थांबली होती. मंचाचे अध्यक्ष घाईने खाली आले. "अरे, कळलंच नाही आम्हाला. काळजी करू नका, आमची मुलं आहेत, उचलून नेतात वर. दोन मिनिटांचं काम."

"मला उचलायचं नाही," प्राची म्हणाली. "सभा खाली घ्या."

"अगं, पण वर सगळं मांडलंय. फोटो आहे, माइक आहे, पाहुणे बसलेत."

"मग तुम्ही वर घ्या. आम्ही इथे घेतो."

विनोद तोवर जिन्याच्या अर्ध्यावर गेला होता. तो एका सरकारी कार्यालयात नोकरीला लागला होता आणि जिने त्याला सहज चढता येत होते. आवाज ऐकून तो मागे फिरला, खाली आला आणि शेवटच्या पायरीवर बसला. कमळाबाई पदर खोचून त्याच्या शेजारी टेकल्या. आजोबांना तर वर जायचं नव्हतंच. मी उभी राहिले. वरून कुणीतरी डोकावलं, मग आणखी कुणीतरी. खुर्च्या सरकल्याचे आवाज आले आणि एकेक करत माणसं खाली उतरू लागली. जिना भरला, दार भरलं, बोळ भरला. दोघांनी फोटो खाली आणला आणि तो कुठे ठेवावा हे न कळून हातातच धरून उभे राहिले.

अध्यक्ष सर्वांत शेवटी आले. त्यांनी माइकची वायर गुंडाळून हातात घेतली होती. मग प्राचीपुढे येऊन म्हणाले, "ठीक आहे. सुरुवात तूच कर. बोल ताईंविषयी."

प्राची म्हणाली, "त्यांच्याविषयी नंतर बोलते. आधी तुमच्या पुढच्या सभा कुठे होणार ते ठरवू या."

त्या संध्याकाळी श्रद्धांजलीची भाषणं झालीच नाहीत. भांडण मात्र कडाक्याचं झालं, आणि ते सोडून उठायला कुणी तयार नव्हतं.